ऍड-इनने न सांगता केलेली कामं

पहिला फोन सोमवारी सकाळी आला, आमचं वेब ऍप्लिकेशन वापरणाऱ्या एकाचा. यादीतल्या प्रत्येक नोंदीखाली 'ही नोंद हटवायची का?' असा चौकोन उघडा दिसतोय, 'होय' दाबू का, असं समोरची व्यक्ती विचारत होती. ज्याने फोन घेतला त्याला वाटलं, चुकून कचऱ्याच्या चिन्हावर बोट पडलं असेल. मग दुसरा फोन आला, तिसरा आला. तोवर काही जणांनी 'होय' दाबलंही होतं. स्क्रीनवर प्रश्न आला की माणूस उत्तर देतोच. नशिबाने नोंदी डेटाबेसमधून पुसल्या जात नव्हत्या, नुसती 'हटवली' अशी खूण पडत होती, म्हणून सगळ्या परत आणता आल्या. नाहीतर हे प्रकरण इतक्या निवांतपणे लिहायला बसलो नसतो.

कारण सापडलं ते तीन बाइटचं. त्या तीन बाइटवर खापर फोडून आम्ही सोमवारी संध्याकाळी मोकळे झालो, आणि ती आमची दुसरी चूक होती.

मांडणी

ऍप्लिकेशन साधं आहे. पानं सर्व्हरवर तयार होतात, ब्राउझरमध्ये थोडी जावास्क्रिप्ट चालते. काम करणारे चौघे. पान दिसतं कसं ते ठरवणाऱ्या सीएसएसच्या नऊ फाइली, जावास्क्रिप्टच्या चौदा. मॉड्यूल नाहीत, नोड नाही, स्वतंत्र बिल्डची पायरी नाही. फाइली जोडून एक करण्याचं आणि ती आकसवण्याचं, म्हणजे मिनिफाय करण्याचं काम कोड एडिटरमधलं एक ऍड-इन, म्हणजे एडिटरला जोडलेला छोटा प्रोग्राम, करायचं.

या जातीची ऍड-इनं ज्यांनी वापरली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोजेक्टच्या मुळाशी एक जेसन फाइल, म्हणजे सेटिंगची साधी मजकूर-फाइल, असते. तिच्यात लिहायचं की या या फाइली या क्रमाने घे, जोड, आकसव आणि अमुक नावाने ठेव. मग यादीतली कोणतीही फाइल सेव्ह केली की ऍड-इन मागच्या मागे नवं बंडल, म्हणजे जोडलेली फाइल, लिहून टाकतं. व्हिज्युअल स्टुडिओसाठी मॅड्स क्रिस्टेन्सन यांनी लिहिलेलं 'बंडलर अँड मिनिफायर' हे यातलं बहुधा सर्वांत परिचित नाव. एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कच्या २.० आवृत्तीपर्यंत तर नवं प्रोजेक्ट उघडलं की त्याची जेसन फाइल साच्यातच आयती मिळायची. आमचं ऍड-इन याच घराण्यातलं होतं. त्याचं नाव इथे देत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. उलट ते गरजेपेक्षा जास्त गुणी होतं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

फाइल आकसवण्याची कल्पना जुनी आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसमिन २००१ मधलं; ते फक्त कॉमेंट आणि फालतू मोकळी जागा काढायचं. पुढे २००७ मध्ये वायूआय कंप्रेसर आला, २००९ मध्ये गूगलचा क्लोजर कंपायलर, २०१० मध्ये अग्लिफायजेएस. ही मंडळी कोड वाचून, समजून घेऊन फंक्शनच्या आतल्या नावांची एकेक अक्षरं करू लागली. पण जोडणी या विषयाकडे फारसं कुणी विद्या म्हणून बघितलं नाही. दोन फाइली एकापुढे एक ठेवायच्या, त्यात काय मोठंसं? आमचंही असंच मत होतं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमच्या मशीनवर काम करताना पान सगळ्या फाइली सुट्या सुट्या मागवायचं, म्हणजे चूक शोधणं सोपं. लाइव्हवर, म्हणजे वापरकर्त्यांच्या खऱ्या सर्व्हरवर, मात्र फक्त जोडलेल्या दोन फाइली जायच्या, एक सीएसएसची आणि एक जावास्क्रिप्टची. या दोन्ही फाइली रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, कमिट (नोंद) केलेल्या असत. ऍड-इन चौघांपैकी एकाच्याच एडिटरमध्ये होतं. सुरुवातीला ते सगळ्यांकडे होतं, पण हळूहळू बाकीचे दुसऱ्या एडिटरकडे गेले आणि ऍड-इन मागे राहिलं. त्याने कुणाचं काही अडलंही नाही, कारण त्या एकाच्या हातून दिवसातून चारदा कुठली ना कुठली फाइल सेव्ह व्हायचीच. बाकीच्यांनी केलेले बदलही त्याच्या पुढच्या सेव्हबरोबर बंडलमध्ये जाऊन बसायचे. बंडल 'आपोआप' होतं, असं आम्ही नव्या माणसाला सांगायचो. प्रत्यक्षात ते त्या एका सहकाऱ्याच्या कीबोर्डवर होत होतं.

गुरुवार

तो सहकारी सुट्टीवर गेला. गुरुवारी एक किरकोळ बदल लाइव्हवर द्यायचा होता: एका सूचनेचा रंग आणि एका फॉर्ममधली एक तपासणी. ज्याच्याकडे काम होतं त्याने फाइली बदलल्या, स्वतःच्या मशीनवर पाहिलं, कमिट केलं, डिप्लॉय केलं, म्हणजे लाइव्हवर चढवलं. लाइव्हवर काहीच बदललं नाही. कॅश पुसून पाहिली, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पाहिलं. शेवटी जोडलेली फाइल उघडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तिच्यात हा बदल पोहोचलेलाच नाही.

त्याच्या एडिटरसाठी ते ऍड-इन मिळत नव्हतं. मग त्याने केलं ते कुणीही केलं असतं: जेसन फाइलमधली यादी घेऊन, 'कॅट' या फाइली एकापुढे एक ओतणाऱ्या कमांडने त्याच क्रमाने फाइली जोडणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. आकसवणं सध्या राहू दे, फाइल थोडी मोठी जाईल, पण काम होईल.

टेस्ट सर्व्हर लाइव्हसारखा करून पाहिला तर मुखपृष्ठावर एकही बटण चालेना. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, जिथे चुका दिसतात, तांबडी ओळ: अमुकतमुक 'इज नॉट अ फंक्शन'. हे त्याने पंधरा मिनिटांत पकडलं. आमच्या बऱ्याच जावास्क्रिप्ट फाइली स्वतःला गुंडाळून घेतलेल्या आहेत, म्हणजे पूर्ण फाइल एका निनावी फंक्शनमध्ये आणि ते फंक्शन तिथल्या तिथे चालवलेलं. अशी फाइल संपते `})()` वर आणि पुढची सुरू होते `(` ने. शेवटी अर्धविराम नसेल तर जावास्क्रिप्ट या दोन्हींचं मिळून एकच वाक्य वाचते: पहिल्या फंक्शनचं जे उत्तर आलं तेच फंक्शन समजून, पुढचा कंस म्हणजे त्याला दिलेली माहिती. उत्तर काहीच नसतं, त्यामुळे भाषा तक्रार करते आणि तिथून पुढचं सगळं बंडल थांबतं. मध्ये ओळ तोडून भागत नाही. ओळ संपली म्हणून जावास्क्रिप्ट स्वतःहून अर्धविराम घालते खरी, पण पुढची ओळ कंसाने सुरू होत असेल तर घालत नाही. तिच्या लेखी ते वाक्य अजून चालूच असतं.

त्याने स्क्रिप्टमध्ये प्रत्येक जावास्क्रिप्ट फाइलनंतर अर्धविराम घातला. बटणं चालू लागली. मुखपृष्ठावर सूचनेचा नवा रंग दिसला. यादीचं पान त्याने उघडलं नाही, कारण त्या पानाला हातच लावलेला नव्हता. त्याच्या जागी मीही उघडलं नसतं. डिप्लॉय झालं, आणि पुढे तीन दिवस ऍप्लिकेशन कुणी फारसं वापरलं नाही.

सोमवार

हटवण्याचा चौकोन प्रत्येक नोंदीखाली पानात आधीपासूनच असतो. 'हाइड' नावाचा क्लास, म्हणजे सीएसएसचा नियम लागू करणारं लेबल, त्याला झाकून ठेवतो. कचऱ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की स्क्रिप्ट तो क्लास काढते. म्हणजे चौकोन उघडा दिसतोय याचा अर्थ हाइडचा नियम लागू होत नाहीये.

जोडलेल्या फाइलमध्ये नियम शोधला. होता. कंस बरोबर, स्पेलिंग बरोबर. ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये तोच नियम हाताने टाइप केला तर चौकोन झाकला गेला. मग फाइलमधल्या त्या नियमाचं काय बिनसलंय? पाऊण तास आम्ही दुसरा कुठला नियम याच्यावर कुरघोडी करतोय का ते शोधत होतो. कुणीच करत नव्हतं. तो नियम त्या घटकाला जुळलेल्यांच्या यादीतच येत नव्हता. आणि कन्सोलमध्ये एक अक्षर नाही.

शेवटी फाइल हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या रूपात, उघडली. नियमाच्या टिंबाच्या अगदी आधी तीन बाइट बसले होते: ईएफ, बीबी, बीएफ.

हा बाइट ऑर्डर मार्क, म्हणजे बीओएम. यूटीएफ-१६ आणि यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवण्याच्या पद्धती; यूटीएफ-१६ मध्ये बाइटांचा क्रम कसा लावलाय ते सांगायला तो कामाचा असतो. यूटीएफ-८ मध्ये क्रमाचा प्रश्नच येत नाही, तरी 'ही फाइल यूटीएफ-८ आहे' असा शिक्का म्हणून विंडोजवरची कित्येक साधनं वर्षानुवर्षं तो मारत आली. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधी नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून सेव्ह केलं की बीओएम यायचाच. फाइलच्या सुरुवातीला तो असेल तर काही बिघडत नाही. ब्राउझर तो ओळखतो आणि बाजूला काढतो. म्हणूनच आमच्या मशीनवर, जिथे फाइली सुट्या येत, तिथे कधी काही दिसलं नाही. 'कॅट'ला मात्र मजकुराशी देणंघेणं नसतं, ती बाइट उचलते आणि चिकटवते. नऊ फाइलींमधली यादीची फाइल पाचवी होती. तिच्या कपाळावरचा शिक्का आता जोडलेल्या फाइलच्या मधोमध आला.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते, जरी त्या सकाळी आवडली नव्हती. जावास्क्रिप्टमध्ये मधेच आलेला बीओएम नुसती मोकळी जागा समजला जातो, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. सीएसएसमध्ये तसं नाही. सीएसएसमध्ये आस्कीबाहेरची, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-चिन्हांपलीकडची, बहुतेक सगळी अक्षरं नावात चालतात. देवनागरीत क्लासचं नाव ठेवता येतं ते त्यामुळेच. बीओएमही त्या उदार नियमात बसतो. मग ब्राउझरने वाचलं असं: 'ज्या घटकाचं नाव बीओएम आहे आणि ज्याला हाइड क्लास आहे, तो झाक.' व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य. तक्रार कशाला करेल? असा घटक पानावर एकही नसतो, एवढंच. नियम नाकारला गेला नव्हता. तो इमानेइतबारे लागू होऊन कुणालाच सापडत नव्हता.

यादीच्या फाइलमधला पहिलाच नियम हाइडचा होता. दुसरा कुठला असता, समजा शीर्षकाच्या जाडीचा, तर आम्हाला कळलंही नसतं.

बीओएम काढला, बंडल पुन्हा केलं, लाइव्हवर दिलं. तासाभराने पुन्हा फोन: चौकोन अजून दिसतोय. ही गल्लत वेगळी. पानात सीएसएसच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा आकडा हाताने लिहिलेला होता, आणि घाईत तो वाढवायचा राहिला. ज्यांच्या ब्राउझरने गुरुवारची फाइल साठवली होती ते तीच वापरत बसले. आकडा वाढवला तेव्हा कुठे फोन थांबले. 'बीओएममुळे झालं, काढला' अशी एका ओळीची नोंद आम्ही केली आणि घरी गेलो.

मंगळवारी बरा झालेला रोग

सोमवारीच कुणीतरी आणखी एक बारीक तक्रार लिहून ठेवली होती: फॉर्ममधल्या निवडयादीचा छोटा बाण दिसत नाही. गोंधळात ती बाजूला पडली. मंगळवारी सुट्टीवरचा सहकारी परतला, त्याने भलतंच काहीतरी दुरुस्त करून सेव्ह केलं, ते लाइव्हवर गेलं. संध्याकाळी बाणाची तक्रार उघडली तर बाण जागेवर. कुणी दुरुस्त केलाच नव्हता.

आपोआप बरी झालेली चूक मला न सापडलेल्या चुकीपेक्षा जास्त भीतिदायक वाटते. सोमवारचं आणि मंगळवारचं बंडल रेपोमधून काढून शेजारी ठेवलं. इनपुट फाइलींमध्ये फरक एका ओळीचा, बंडलमध्ये फरक सगळीकडे, कारण एक आकसवलेलं आणि एक नुसतं जोडलेलं. मग ऍड-इनमधलं आकसवणं बंद केलं आणि त्याच फाइलींवर एकदा ऍड-इन चालवलं, एकदा शेल स्क्रिप्ट. आता दोघांचं काम एकच होतं, फाइली एकापुढे एक ठेवणं. तरी निकाल सारखा आला नाही.

फरक एकेक करून वाचले तेव्हा ऍड-इन इतकी वर्षं आमच्यासाठी काय काय करत होतं ते उलगडलं. प्रत्येक फाइल वाचताना ते बीओएम काढून टाकत होतं. जावास्क्रिप्टच्या दोन फाइलींमध्ये अर्धविराम घालत होतं. प्रत्येक फाइलनंतर ओळ तोडत होतं. हे किरकोळ वाटतं, पण आमची एक फाइल दोन तिरक्या रेघांच्या कॉमेंटवर संपत होती आणि तिच्या शेवटी नवी ओळ नव्हती. शेल स्क्रिप्टमधला तो अर्धविराम त्या कॉमेंटमध्येच गडप झाला होता, आणि त्यामागोमाग पुढच्या फाइलची पहिली ओळही. पुढच्या फाइलची पहिली ओळ योगायोगाने कॉमेंटच होती. अशा योगायोगावर सोमवारचा अर्धा दिवस तरला होता.

आणि बाण. सीएसएसमध्ये चित्राचा सापेक्ष पत्ता पानापासून नाही, सीएसएस फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो. आमच्या फाइली उपफोल्डरमध्ये, बंडल दुसऱ्याच फोल्डरमध्ये. ऍड-इन जोडताना प्रत्येक पत्ता नव्या जागेप्रमाणे बदलून लिहायचं. स्क्रिप्टने जसाच्या तसा ठेवला, आणि ब्राउझर नसलेल्या फोल्डरमध्ये बाण शोधत राहिला.

या तुलनेतच दुसरा बीओएमही सापडला. सोमवारी आम्ही फक्त यादीच्या फाइलमधला काढला होता; इतर फाइली तपासायचं कुणाला सुचलं नाही. छपाईची फाइल आठवी, तिलाही तोच शिक्का, आणि ती सुरू होते '@मीडिया प्रिंट' या ओळीने. इथे नुकसान एका नियमाचं होत नाही. बीओएम पुढे आला की ब्राउझरच्या लेखी तो माध्यमाचा गट उरतच नाही. तो एक नेहमीचा नियम ठरतो, ज्याचा निवडक (सिलेक्टर, म्हणजे नियम कुणाला लागू ते सांगणारा भाग) वाचता येत नाही, म्हणून कंसापासून कंसापर्यंतचा सगळा मजकूर फेकला जातो. गुरुवार ते मंगळवार छापलेल्या प्रत्येक कागदावर मेन्यू, बटणं आणि तो हटवण्याचा चौकोन, सगळं उमटलं असणार. एकही तक्रार आली नाही. म्हणजे छापत कुणी नाही, किंवा छापणाऱ्यांनी आमच्याकडून फार अपेक्षा ठेवलेली नाही.

आमचा कोड चुकीचा होताच, हे मान्य करायला थोडा वेळ लागला. अर्धविराम नसलेल्या फाइली, शिक्का मारलेल्या फाइली, अर्धवट शेवटची ओळ: हे सगळं आमचं. ऍड-इन गुपचूप निस्तरत होतं म्हणून ते कधी डोळ्यांसमोर आलं नाही. शेल स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने जेसन फाइल नीट वाचली होती. तिच्यात फाइलींची नावं आणि क्रम होता, यातलं काहीही नव्हतं. जी माहिती कुठेच लिहिलेली नाही ती त्याने कुठून वाचावी?

काय करायचं यावरचा वाद

पहिली सूचना आली ती सगळ्यांनी तोच एडिटर वापरण्याची. ती दोन मिनिटांत पडली. माणसाचा एडिटर बदलण्यापेक्षा गाव बदलणं सोपं.

दुसरी सूचना मला स्वतःला पटली होती: जोडणी बंदच करू. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर-सर्व्हर संवादाचे नियम; त्याच्या १.१ आवृत्तीच्या काळात ब्राउझर एका सर्व्हरशी साधारण सहाच कनेक्शन एका वेळी उघडायचा, त्यामुळे तेवीस फाइली म्हणजे रांग. मे २०१५ मध्ये प्रमाण झालेल्या एचटीटीपी/२ मध्ये एकाच कनेक्शनवर अनेक मागण्या समांतर चालतात. मग जोडायचं कशाला? याला उत्तर मिळालं ते असं की आमच्या वापरकर्त्यांपैकी काहींच्या आणि सर्व्हरच्या मध्ये एक जुना प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे आणि त्याच्यापुढे सगळं १.१ वरच येतं. शिवाय पाठवताना फाइली दाबून लहान करणारं जीझिप मागच्या ३२ किलोबाइटमध्येच पुनरावृत्ती शोधतं आणि प्रत्येक फाइल कोऱ्या पाटीने सुरू करतं. लहान लहान फाइली सुट्या दाबल्या तर दाबल्या जातात कमी. मी हरलो.

तिसरी सूचना वेबपॅक, रोलअप किंवा ईएसबिल्डसारख्या साधनाकडे जाण्याची. नवं काम सुरू करायचं असतं तर मी तेच निवडलं असतं. पण ही साधनं प्रत्येक फाइलला मॉड्यूल समजतात आणि मॉड्यूलमधली नावं बाहेर दिसत नाहीत. आमच्या पानांमध्ये बटणाच्या ऑनक्लिकमध्ये थेट फंक्शनची नावं लिहिलेली आहेत, शेकड्यांनी. ती सगळी एका रात्रीत मुकी झाली असती. तो बदल कधीतरी करायचाच आहे, पण एका बीओएमच्या निमित्ताने नाही.

शेवटी ठरलं ते सगळ्यांत कंटाळवाणं. जोडणी आणि आकसवणं एडिटरमधून काढून बिल्डमध्ये न्यायचं. अशा ऍड-इनचं इंजिन बरेचदा बिल्डच्या वेळी चालणाऱ्या पॅकेजच्या रूपातही मिळतं. आमच्या ऍड-इनचंही मिळालं, आणि ते तीच जेसन फाइल वाचतं. आता बंडल फक्त बिल्ड सर्व्हर बनवतो. दोन्ही जोडलेल्या फाइली रेपोमधून काढल्या आणि गिटइग्नोरमध्ये, म्हणजे रेपोत न घ्यायच्या फाइलींच्या यादीत, टाकल्या. सेव्ह केल्यावर बंडल लिहिणं ऍड-इनमध्ये बंद केलं, कारण एकच फाइल दोन हातांनी लिहायची नाही. आवृत्तीचा हाताने लिहायचा आकडा गेला. त्या जागी फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला हॅश (मजकुराचा ठसा) येतो, मजकूर बदलला की पत्ता आपसूक बदलतो. आणि टेस्ट सर्व्हर कायमचा लाइव्हसारखा केला. सुट्या फाइली फक्त आपापल्या मशीनवर.

यावर एक आक्षेप आला तो योग्य होता: बिल्डमधलं पॅकेजही तेच उपकार गुपचूप करणार, मग आपण शिकलो काय? म्हणून इनपुट फाइलीही दुरुस्त केल्या. एडिटरकॉन्फिगच्या, म्हणजे एडिटरांना नियम सांगणाऱ्या, फाइलमध्ये अक्षरसंचाची नोंद यूटीएफ-८ केली, बीओएमवाली नाही, आणि प्रत्येक फाइलच्या शेवटी नवी ओळ सक्तीची केली. एडिटरकॉन्फिग बहुतेक एडिटरांना कळतं, काहींना आपणहून, काहींना प्लगइनने, त्यामुळे कोण काय वापरतो याने फरक पडत नाही. बिल्डमध्ये एक छोटी तपासणी घातली: इनपुटपैकी कुठल्याही फाइलचे पहिले तीन बाइट ईएफ, बीबी, बीएफ असतील तर बिल्ड थांबतो आणि फाइलचं नाव सांगतो. अर्धविरामाचं काम लिंटरवर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणाऱ्या साधनावर, सोपवलं.

या सफाईत आम्ही स्वतःला एकदा पुन्हा पाडून घेतलं, तेही नोंदवतो. चौदा नावांची यादी कशाला, फोल्डरमधलं सगळं घे असं चांदणी (*) टाकून लिहू, असं कुणीतरी सुचवलं आणि आम्ही केलंही. त्यामुळे क्रम अक्षरांप्रमाणे लागला. पहिल्या क्रमांकावर आलेल्या फाइलच्या डोक्यावर 'यूज स्ट्रिक्ट', म्हणजे जावास्क्रिप्टने कडक नियम लावावेत ही आज्ञा, होतं, फंक्शनच्या आत नाही, उघड्यावर. आधी ती फाइल मधे कुठेतरी होती, तेव्हा ती ओळ निव्वळ एक निरुपयोगी मजकूर होती, कारण ती आज्ञा स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला असेल तरच चालते. आता ती सुरुवातीला आली आणि चौदाच्या चौदा फाइलींना शिस्त लागली. एका जुन्या फाइलमध्ये घोषित न करता वापरलेलं व्हेरिएबल होतं. ते तिथेच आपटलं. या वेळी टेस्ट सर्व्हरवर दिसलं. यादी पुन्हा नावांनिशी लिहिली आणि त्या ओळीला गुंडाळणीच्या आत ढकललं.

रेपोमधून जोडलेल्या दोन फाइली काढायच्या आधी मी सहज सीएसएसच्या बंडलवर गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणारी कमांड, चालवून पाहिलं. मंगळवारी ऍड-इनने ते पुन्हा आकसवलेलं असल्यामुळे आख्खी फाइल एकाच ओळीची होती, आणि त्या ओळीपुढे एकच नाव होतं: जो त्या सगळ्या दिवसांत सुट्टीवर होता, त्याचं.